पाठदुखीवरील उपचार आणि पुराव्याची कसोटी

पाठदुखीइतकी सार्वत्रिक आणि तरीही इतकी उपेक्षित व्याधी दुसरी क्वचितच सापडेल. तिने माणूस दगावत नाही, म्हणून तिची गणना गंभीर रोगांत होत नाही. परंतु ती माणसाला अंथरुणाला खिळविते, त्याचा रोज बुडविते आणि घरची चूल मंद करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगातील ६१ कोटी ९० लाख माणसे कंबरदुखीने ग्रस्त होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाईल. चिखलात दिवसभर वाकून भाताची लावणी करणारी बाई, किनाऱ्यावर रापण ओढणारा मच्छीमार, माडावर चढणारा पाडेली आणि कचेरीत आठ तास खुर्चीला चिकटून बसणारा कारकून यांचे व्यवसाय भिन्न असले तरी संध्याकाळचे कण्हणे एकच असते.

जेथे दुखणे मोठे तेथे बाजारही मोठा. तेले, मलम, पट्टे, इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया या बाजारात पूर्वीपासून होत्याच. आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एका नव्या उपचाराची जाहिरात घरोघर पोचली आहे. उपचार करणारा रुग्णाची मान वा कंबर एका झटक्यात वळवितो, कटकन आवाज होतो आणि रुग्ण हसत उठतो. ही कायरोप्रॅक्टिक नावाची पद्धती. काहींच्या मते ती चमत्कार आहे, तर काहींच्या मते निव्वळ थोतांड. गेल्या साडेतीन दशकांतील संशोधनाने दिलेला निर्णय या दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे, आणि म्हणूनच तो सर्वसामान्य वाचकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट या गावी झाला. चुंबकीय उपचार करणाऱ्या डी. डी. पामर यांनी १८९५ साली हार्वे लिलार्ड नावाच्या एका बहिऱ्या कामगाराच्या पाठीतील मणका दाबून बसविला आणि त्यामुळे त्याला ऐकू येऊ लागले, असा दावा केला. या एका उदाहरणावरून पामर यांनी सिद्धान्त उभारला, तो असा की, मणके जागचे हलले की शरीरातील सहज चैतन्याचा प्रवाह अडतो आणि बहुतेक रोग त्यातूनच उद्भवतात. श्रवणाची नस कवटीच्या आतूनच मेंदूकडे जाते, तिचा पाठीच्या मणक्याशी संबंध येत नाही, एवढे शारीरशास्त्राचे ज्ञान या सिद्धान्ताचा पाया डळमळीत करण्यास पुरेसे आहे. मणके वळविताना होणारा आवाजदेखील हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याने तो होतो. दमा, बहिरेपणा किंवा लहान मुलांचे पोटदुखणे या उपचाराने बरे होते असे जे सांगतात, त्यांच्यापाशी विश्वासार्ह पुरावा नाही.

परंतु सिद्धान्त खोटा ठरला म्हणजे हाताचा गुणही शून्य ठरतो असे नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने हा भेद करण्याचे नाकारले आणि कायरोप्रॅक्टर मंडळींवर दीर्घकाळ बहिष्कार घातला. १९७६ साली त्याविरुद्ध खटला दाखल झाला आणि १९८७ साली न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी हा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरविला. मात्र न्यायालयाने निवाडा दिला तो बहिष्काराविषयी. उपचाराच्या गुणाविषयीचा निवाडा प्रयोगांनीच द्यावयाचा होता.

तो प्रयोगांनी दिला आहे. १९९८ साली अमेरिकेत ३२१ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींना कायरोप्रॅक्टिक उपचार, काहींना भौतिकोपचार आणि काहींना केवळ माहितीची एक पुस्तिका देण्यात आली. पहिले दोन गट पुस्तिकेच्या गटाहून किंचितच सरस ठरले. आपसांत मात्र ते तुल्यबळ निघाले. ब्रिटनमध्ये १,३३४ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मणक्यांच्या हस्तोपचाराचा लाभ तीन महिन्यांनंतर अल्प ते मध्यम आणि वर्षानंतर अल्प आढळला. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीविषयी २०१७ साली झालेल्या समालोचनात शंभराच्या मापावर वेदना सुमारे दहा अंशांनी अधिक उतरल्याचे दिसले, आणि उपचारानंतर तात्पुरता ठणका, ताठरपणा वा डोकेदुखी होण्याचे प्रमाणही लहान नव्हते. जुनाट कंबरदुखीविषयी ४७ चाचण्या आणि नऊ हजारांहून अधिक रुग्ण यांचा आढावा २०१९ साली घेण्यात आला. त्याचा निष्कर्ष असा की, हा उपचार व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांच्या तोडीचा आहे, त्यांच्याहून श्रेष्ठ नाही.

तात्पर्य, गुण आहे, पण तो माफक आहे. ज्याला परवडते आणि ज्याचे दुखणे साध्या स्वरूपाचे आहे त्याने प्रशिक्षित माणसाकडून कंबरेवर हा उपचार करून घेतला तर त्याला कोणी वेड्यात काढू नये. त्याचबरोबर महिनोन् महिने झटके घेत राहण्याचे पॅकेज विकणाऱ्याला ‘कशासाठी?’ असा प्रश्न विचारण्याचे धैर्यही त्याने दाखवावे. मानेच्या बाबतीत अधिक सावध राहणे इष्ट. मानेला जोराचा झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणारी रोहिणी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या विरळा आहेत आणि कारणाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण माफक लाभासाठी एवढी जोखीम का पत्करावी, याचे उत्तर उपचार करणाऱ्याने आधी दिले पाहिजे.

आता हीच कसोटी प्रस्थापित वैद्यकाला लावून पाहू. पाठ दुखू लागली की अंथरुणात पडून राहावे, हा सल्ला पिढ्यान् पिढ्या दिला गेला. फिनलंडमधील हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवरील चाचणीने १९९५ साली दाखवून दिले की, सोसवेल तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारेच लवकर बरे होतात. अफूच्या वर्गातील वेदनाशामकांची ख्याती मोठी. पण ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्या पाठदुखीवर व मानदुखीवर त्यांचा परिणाम निष्क्रिय गोळीहून अधिक दिसला नाही. एम.आर.आय.च्या अहवालात ‘चकती सरकली आहे’ हे शब्द वाचून कित्येकांची झोप उडते. परंतु पाठ मुळीच न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या चित्रांचा आढावा २०१५ साली घेतला गेला, तेव्हा विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्याच आढळल्या. केस पिकावेत तसे मणकेही पिकतात. त्या चित्रावरून शस्त्रक्रियेची तारीख ठरविणे शहाणपणाचे नव्हे.

शस्त्रक्रियेविषयीचा पुरावाही असाच संयम शिकविणारा आहे. नेदरलँड्समध्ये पायात उतरणाऱ्या तीव्र कळा सोसणाऱ्या २८३ रुग्णांची चाचणी झाली. काहींवर लवकर शस्त्रक्रिया करावी आणि इतरांनी थांबावे, असे ठरले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, शस्त्रक्रियेने आराम लवकर पडतो, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झालेले असतात. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. इतरांची ती टळली. म्हणजे घाई करावी की थांबावे हा निर्णय रुग्णाने सर्व बाजू ऐकून घ्यावयाचा आहे, भीतीपोटी नव्हे.

येथे एक इशारा स्पष्टपणे दिला पाहिजे. लघवी वा शौचावरचा ताबा सुटणे, लघवी तुंबणे, मांड्यांमधील भाग बधिर होणे, पायातील शक्ती उत्तरोत्तर कमी होणे, पाठदुखीबरोबर ताप येणे किंवा वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे अथवा मोठी पडझड होणे ही लक्षणे असतील तर तेलमालीश, हाडवैद्य आणि झटके यांत एक दिवसही न दवडता रुग्णाला इस्पितळात नेले पाहिजे. तेथे वेळेवर झालेली शस्त्रक्रिया पाय वाचविते, विलंब कायमचे पंगुत्व आणतो.

उरलेल्या बहुसंख्यांसाठी शास्त्राचा सल्ला इतका साधा आहे की बाजाराला तो विकता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. माहिती व धीर देणे, व्यायाम, मानसोपचाराचे साह्य, मालीश व मणक्यांचा हस्तोपचार यांना तीत स्थान आहे. कंबरपट्टे, ओढ देणारे ट्रॅक्शन आणि अफूच्या वर्गातील औषधे यांना नाही. सिडनी येथील संशोधकांनी ७०१ जणांवर केलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तर केवळ नियमित, क्रमाक्रमाने वाढविलेल्या चालण्याने दुखणे उलटण्याचा मध्यम काळ ११२ दिवसांवरून २०८ दिवसांवर गेला. या उपचाराला यंत्र लागत नाही, की शुल्क लागत नाही.

पण चालण्याचा सल्ला देणाराही कोणी तरी हवा. सुखवस्तू माणूस शहरातील खासगी भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जाऊ शकतो. काणकोण वा सत्तरीच्या वाड्यावरील शेतमजूर बाईने कोठे जावे? केंद्राने २०२१ साली संबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि भौतिकोपचारतज्ज्ञ त्याच्या कक्षेत आले. त्या कायद्याचे फळ कागदावर न राहता प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून काही दिवस तरी असा तज्ज्ञ रुग्णांना भेटला पाहिजे. मणक्यांना हात लावणाऱ्या प्रत्येकाने आपले शिक्षण कोठे व किती झाले हे दर्शनी पाटीवर लिहिले पाहिजे, आणि शस्त्रक्रिया सुचविणाऱ्या डॉक्टरांनी न केल्यास काय होईल हेही तितक्याच मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

पुराव्याची कसोटी एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी असू शकत नाही. हाताने झटका देणारा असो, गोळी लिहून देणारा असो की सुरी चालविणारा असो, ‘याने किती जणांना, किती आणि किती काळ गुण येतो?’ हा प्रश्न तिघांनाही विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. श्रमावर जगणाऱ्या माणसाची पाठ हेच त्याचे भांडवल असते. ते कोणाच्या हाती द्यावयाचे हे ठरविण्यापूर्वी त्याला खरी माहिती मिळाली पाहिजे, आणि ती त्याला कळेल अशा भाषेत देणे हे शासनाचे व वैद्यक व्यवसायाचे कर्तव्य आहे.