सह्याद्रीचा भरंवसा

“समुद्र दूर, मध्यें सह्याद्रि, मग पुण्यास तुफानाचें भय कसलें?” असें सुज्ञ गृहस्थही म्हणतात. उष्ण सागराची वाफ हेंच चक्रीवादळाचें अन्न; भूमीवर येतांच त्याचा जोर ओसरतो, हें खरें. परंतु ओसरणें म्हणजे संपणें नव्हे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि त्याच दिवशीं पुण्यांत वृक्ष उन्मळले, वीज गेली. म्हणून आमची विनंती कीं, पावसाळ्यापूर्वींच वठलेल्या फांद्या छाटून घ्याव्या, सैल पत्रे आवळावे, पाणी, औषधें व विजेरी हाताशीं ठेवावीं. वृद्धांस कोणी सांभाळावें, हेंही आधींच ठरवावें. वादळांत बाहेर पडूं नये. तुटल्या तारेस शिवूं नये. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आम्ही जन्मभर मुलांस शिकविलें; वडीलधाऱ्यांनींही तें आचरावें.