रेंज नंतर विचारा, आधी सीट मोजा: पाच फूट उंचीच्या ड्रायव्हरसाठी छोटी फॅमिली ईव्ही

जळगाव-धुळ्याकडे कुणी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं काढलं की प्रश्न ठरलेले असतात. "भो, एका चार्जिंगमध्ये किती जाते?" मग "बॅटरी किती वर्षं टिकते?" आणि शेवटी "आपल्या उन्हात काय होईल?" तिन्ही प्रश्न बरोबर आहेत. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: गाडी चालवणार कोण, आणि त्या माणसाची उंची किती?

आमच्या घरात हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. ताई एरंडोलजवळच्या शाळेत शिकवते. जळगावहून जाऊन-येऊन रोज साठ-पासष्ट किलोमीटर. उंची चार फूट अकरा इंच. गाडी मुख्यतः तीच चालवणार. म्हणून आम्ही शोरूम फिरायला लागलो आणि लक्षात आलं की यूट्यूबवरचे रिव्ह्यू इथे फारसे कामाचे नाहीत. "हेडरूम मस्त, गुडघ्याला जागा भरपूर" हे उंच माणसाचं मोजमाप झालं. बुटक्या ड्रायव्हरची अडचण बरोबर उलटी असते.

आधी बातमी: सरकारने काय बदललं?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २९ एप्रिल २०२५ ला नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण मंजूर केलं. ते ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. आपल्यासाठी त्यातला मोठा भाग म्हणजे मोटार वाहन कराची माफी. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर राज्यात खासगी मालकाला ११ टक्के कर लागतो. आठ लाखांच्या गाडीवर हे ८८ हजार रुपये झाले. ईव्हीला हा आकडा शून्य.

टोलमाफीची चर्चा जास्त झाली, पण त्यात नाव आहे ते समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूचं. यातला एकही रस्ता खान्देशातून जात नाही. तुमचं रोजचं येणं-जाणं पारोळा-एरंडोलच्या बाजूचं असेल, तर ही माफी हिशेबात धरू नका.

दुसरा बदल उलट्या दिशेचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर होता, तो १८ टक्क्यांवर आला. ईव्हीवर आधीपासून ५ टक्के आहे आणि तो तसाच राहिला. म्हणजे छोटी पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि दोघींच्या किमतीतलं अंतर बदललं. त्यामुळे "सरकार सूट देतंय म्हणून ईव्ही घ्या" एवढ्यावर आता निर्णय होत नाही. गाडी अंगाला बसते का, हे बघावंच लागतं.

क्लच गेला, म्हणजे नेमकं काय गेलं?

मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण दाबायचा तर डावा पाय पार आतपर्यंत पोचावा लागतो. पाय लहान असला की सीट पुढे ओढावी लागते. सीट पुढे आली की छाती स्टिअरिंगजवळ येते. आणि स्टिअरिंगच्या मधोमध एअरबॅग असते.

एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. फुगताना ती हळूवार उशी नसते, तो जोराचा धक्का असतो. म्हणून अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेचा सल्ला आहे की छातीचं मधलं हाड आणि एअरबॅगचं झाकण यांच्यात किमान २५ सेंटीमीटर, म्हणजे दहा इंच अंतर ठेवा.

ईव्हीत क्लच नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाने आणि दोन्हींचा प्रवास क्लचपेक्षा कमी. त्यामुळे सीट थोडी मागे ठेवता येते. शिवाय रीजन जास्त ठेवलं, तर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच गाडीचा वेग कमी होतो. अजिंठा चौफुलीसारख्या गर्दीत पाय सारखा इकडून तिकडे न्यावा लागत नाही. माझ्या मते बुटक्या ड्रायव्हरसाठी ईव्हीचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. ब्रोशरमध्ये मात्र याबद्दल ओळही नसते.

आता सरळ सांगतो: फक्त क्लच नको असेल, तर पेट्रोल एएमटी गाडीसुद्धा चालेल. रोजचं अंतर कमी आणि घरी चार्जिंगची सोय नाही, अशांनी तोच विचार करावा.

टेस्टमधला पुतळा पावणेसहा फुटांचा

"पण गाडीला फाइव्ह स्टार आहेत ना?" आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. पण स्टार कुणाला बसवून मिळाले, हेही माहीत हवं.

भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. त्यातल्या ताशी ६४ किलोमीटरच्या समोरच्या धडकेत पुढच्या सीटवर बसवतात तो पुतळा सरासरी अमेरिकन पुरुषाचा: उंची साधारण १७५ सेंटीमीटर, वजन सुमारे ७८ किलो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतीय महिलांची सरासरी उंची साधारण १५२ सेंटीमीटर आहे. मधलं अंतर नऊ इंचांचं.

तिकडे लहान चणीच्या स्त्रीचा वेगळा पुतळा आहे. अमेरिकेतल्या शंभर स्त्रियांमध्ये जेमतेम पाच जणी त्याच्यापेक्षा लहान असतील, असं त्याचं माप. उंची पाच फुटांच्या आसपास. म्हणजे तिथे जी फार लहान चणीची मानली जाते, ती आपल्याकडची सरासरी बाई! युरो एनकॅपने २०१५ पासून एका समोरच्या धडकेत हा पुतळा ड्रायव्हरच्या जागी बसवायला सुरुवात केली.

याने फरक पडतो का? व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या अपघातांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. तुलनेने सारख्या अपघातांत, दोघांनीही बेल्ट लावलेला असताना, महिला ड्रायव्हरला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ४७ टक्के जास्त निघाली. उंची, बसण्याची जागा आणि बेल्टची रचना ही त्यामागची संभाव्य कारणं म्हणून मांडली गेली.

याचा अर्थ स्टार खोटे, असा होत नाही. पाच स्टारची गाडी घ्यावीच. फक्त पाच फुटांच्या ड्रायव्हरची बसण्याची जागा त्या पुतळ्यासारखी नसते, म्हणून ती नीट जमवून घेणं आपल्या हातात आहे.

मग उंच गाडी घेतली की झालं?

बरेच जण म्हणतात, "एसयूव्हीसारखी घे, उंच बसशील, सगळं दिसेल." अर्धं खरं आहे.

सीट वर केली की रस्ता दिसतो, पण पाय पेडलपासून लांब जातात. मग सीट पुढे घ्यावी लागते. पुढे घेतली की पुन्हा एअरबॅग जवळ येते. ही साखळी तोडायला स्टिअरिंग ड्रायव्हरच्या दिशेने मागे-पुढे व्हायला हवं. त्याला टेलिस्कोपिक म्हणतात. स्टिअरिंग नुसतं वर-खाली होतं ते टिल्ट. छोट्या गाड्यांच्या किमतीत टिल्ट सर्रास मिळतं, टेलिस्कोपिक क्वचित. ड्रायव्हर सीट वर-खाली करायची सोयसुद्धा अनेक गाड्यांत खालच्या व्हेरियंटला नसते.

म्हणून व्हेरियंट निवडताना माझा क्रम असा: आधी सीटची उंची, मग टेलिस्कोपिक स्टिअरिंग, मग बेल्टचा खांद्याजवळचा हुक वर-खाली होतो का, मग रिव्हर्स कॅमेरा. सनरूफ आणि मोठा स्क्रीन त्यानंतर. खरं तर मोठा स्क्रीन आडवाही येतो. डॅशबोर्डवर उभा केलेला स्क्रीन पाच फुटांच्या ड्रायव्हरच्या नजरेत डावीकडचा रस्ता झाकू शकतो.

शोरूममध्ये ३० सेंटीमीटरची पट्टी घेऊन जा

आम्ही हेच केलं. एका शोरूममध्ये सेल्समन सगळी माहिती मलाच सांगत होता, गाडी चालवणारी ताई बाजूला उभी. शेवटी ताईच म्हणाली, "दादा, सीटवर मी बसणार आहे, मला सांगा." त्यानंतर काम नीट झालं. ज्याला चालवायची आहे त्यालाच बसवा, रोजच्या चपला-बुटांत, आणि हे पाहा:

१. ब्रेक पूर्ण दाबा. गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून किंवा सीटवरून सरकून ब्रेक लागत असेल, तर ती गाडी बाद.

२. याच स्थितीत छातीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत पट्टी लावा. २५ सेंटीमीटर भरायला हवेत. कमी पडले तर पाठ थोडी मागे कलवून बघा.

३. स्टिअरिंगच्या वरच्या कडेवरून रस्ता दिसला पाहिजे, चाकाच्या मधून नाही.

४. बेल्ट खांद्याच्या मधून जायला हवा. मानेला घासत असेल, तर बाई काय करते? काखेखालून घेते. ते फार धोक्याचं आहे.

५. बोनेटसमोर कुणाला बादली किंवा ट्रॅफिक कोन घेऊन उभं करा आणि हळूहळू मागे जायला सांगा. कोन दिसायला लागला तिथे खूण करा. हे प्रत्येक गाडीला करा. गल्लीत समोर लहान मूल आलं तर दिसेल का, याचं उत्तर इथे मिळतं.

६. ड्रायव्हरच्या डोळ्याजवळ मोबाइल धरून समोर, डावीकडे, उजवीकडे आणि मागे असे चार फोटो काढा. रात्री घरी सगळ्या गाड्यांचे फोटो शेजारी ठेवून बघा. विंडस्क्रीनच्या बाजूच्या जाड खांबाआड अख्खी बाइक लपते, हे फोटोत लगेच कळतं.

एक सूचना. सीटवर जाड, मऊ उशी टाकून उंची वाढवू नका. धडकेत उशी दबते आणि शरीर बेल्टखालून पुढे घसरतं. पेडलला गावठी जुगाड करून ठोकळे लावणं तर नकोच.

मग कोणती गाडी?

एकच नाव सांगणार नाही, कारण उत्तर पट्टी देते. पण बाजारातल्या चार गाड्यांकडे या नजरेने बघू.

एमजी कॉमेट ही २,९७४ मिलिमीटर लांब, म्हणजे तीन मीटरही नाही. बोनेट जवळजवळ नाहीच, त्यामुळे समोरचं जवळचं दिसतं. नवी पेठेसारख्या गर्दीत पार्क करायला सोपी. पण बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची, सीट चार आणि सामानाला जागा थोडी. शहरातली दुसरी गाडी म्हणून ठीक, घरातली एकुलती एक गाडी म्हणून अवघड.

टाटा टियागो ईव्ही ३,७६९ मिलिमीटरची हॅचबॅक आहे. बैठक खाली, त्यामुळे चढणं-उतरणं सोपं आणि बोनेटही बुटकं. बॅटरी १९.२ किंवा २४ किलोवॅट-तास. सीट वर होणारा व्हेरियंटच बघा.

टाटा पंच ईव्ही ३,८५७ मिलिमीटरची, बॅटरी जानेवारी २०२४ ला आली तेव्हा २५ आणि ३५ किलोवॅट-तासांची. भारत एनकॅपमध्ये २०२४ साली पाच स्टार. बैठक उंच, दूरचा रस्ता छान दिसतो. पण बोनेटही उंच आहे. कोनची चाचणी इथे चुकवू नका.

एमजी विंडसर सुरुवातीला ३८ किलोवॅट-तासांच्या बॅटरीसह आली. आत जागा भरपूर, पण लांबी ४,२९५ मिलिमीटर. कुटुंब मोठं असेल तर विचार करा. जुन्या जळगावातल्या गल्लीत वळवायची असेल, तर आधी त्याच गल्लीत टेस्ट ड्राइव्ह मागा.

आणि हो, रेंज

सोपा हिशेब: छोटी ईव्ही एका युनिटमध्ये सरासरी सात किलोमीटर धरा. २४ ची बॅटरी असेल तर १६५-१७०, ३५ ची असेल तर २४५ च्या आसपास. जळगाव-धुळे ९०-९५ किलोमीटर. २४ वाल्या गाडीला धुळ्यात थोडं चार्ज केल्याशिवाय परत येणं जिवावरचं, ३५ वाली आरामात परत येते. ताईच्या रोजच्या अंतराला मात्र लहान बॅटरीही पुरते. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात ती भरते. फक्त वायरिंग आणि अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा एसीमुळे रेंज कमी होणारच. गाडी सावलीत लावा, आणि भर उन्हात तापून आलेली गाडी लगेच फास्ट चार्जिंगला लावण्याआधी थोडी थंड होऊ द्या.

आमचा निर्णय असा झाला: मोठ्या बॅटरीचा खालचा व्हेरियंट सोडला आणि त्याच बजेटमध्ये लहान बॅटरीचा, पण सीट वर-खाली होणारा व्हेरियंट बुक केला. कागदावर रेंज कमी दिसते. पण ताई पट्टीवर २७ सेंटीमीटर अंतर ठेवून ब्रेक पूर्ण दाबू शकते आणि समोरचा रस्ता तिला दिसतो. रेंज कमी पडली तर वाटेत चार्जर मिळेल. सीट कमी पडली, तर गाडी दारात उभी राहील आणि ताई पुन्हा एसटीच्या रांगेत.