दूध-तूप नको? मग बसा जेवायला!

घरी आलेला पाहुणा "मी दूध, दही, तूप काहीच घेत नाही" असे म्हणाला, की स्वयंपाकघरातून पहिला प्रश्न येतो, "मग खाणार तरी काय?" हल्ली हा प्रश्न आपल्या माधवगंजातल्या मराठी घरांतही ऐकू येऊ लागला आहे. कोणाचा पुण्याला नोकरी करणारा मुलगा सुट्टीत येतो आणि आपण 'व्हीगन' झाल्याचे सांगतो. कोणाच्या लहानग्या नातीला दुधाची ॲलर्जी निघते. कोणा आजोबांना दूध पचेनासे होते. कारणे निरनिराळी, पण घरातली तारांबळ सारखीच.

आम्हांस असे वाटते की, मराठी घरात तरी ही तारांबळ उडायला नको. दूध-तुपाविना पोटभर आणि चवीचे जेवण घालणे ही विद्या आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. प्रश्न एवढाच आहे की ती आपल्या मुलांपर्यंत पोहोचते आहे का?

आधी शब्दाचा अर्थ पाहू. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मित्रांनी रूढ केला. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, लोणी, तूप आणि मधसुद्धा नाही, असा हा आहार. आपल्याकडे शाकाहारी म्हटले की दूध-तूप आलेच. म्हणून बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहून फसू नये. त्या पदार्थात दूध असू शकते. व्हीगन पदार्थांसाठी आपल्या देशात वेगळे नियम आणि वेगळे चिन्ह २०२२ साली आले. ज्यांच्या घरी दुधाची ॲलर्जी असलेले मूल आहे, त्यांनी पुड्यावरची घटकांची यादी वाचण्याची सवय लावून घ्यावी.

आता आपल्या ग्वाल्हेरचा विचार करू. हा मुलूख दुधा-तुपाचा. लग्नकार्य असो की वाढदिवस, पनीर, मावा आणि रबडी यांच्याशिवाय पंगत उठत नाही. आपणही दोनशे वर्षे लष्करात राहून इथलेच झालो, त्यामुळे आपल्या घरच्या पाहुणचारातही पनीर मानाचे पान घेऊन बसले. त्यात वाईट काही नाही. पण दुधाची ही रेलचेल तशी अलीकडची आहे. देशात 'दुधाचा महापूर' योजना १९७० साली सुरू झाली आणि १९९८ साली भारत दूध उत्पादनात जगात पहिला आला. त्याआधी कित्येक मध्यमवर्गीय घरांत दूध मोजून येत असे. ते आधी लहान मुलांना आणि आजाऱ्यांना, मग चहाला. रोजचे जेवण डाळी, दाणे, तीळ, खोबरे आणि पालेभाज्या यांच्यावरच चाले. आज ज्याला नवीन फॅशन म्हणून हसतो, ते बरेचसे आपल्या आजीच्या रोजच्या ताटात होते.

यामागचा विचारही आपल्याला परका नाही. भाद्रपदात गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, अशी आपली रीत आहे. नांगरलेल्या शेतातले धान्य बाजूला ठेवून अळू, लाल माठ, भोपळा, सुरण, पडवळ, मक्याचे कणीस अशी मिळेल ती भाजी एकत्र शिजवतात आणि चिंच, ओले खोबरे घालतात. काही घरांत तिला तुपाची फोडणी असते, तेव्हा तिला सरसकट व्हीगन म्हणता येणार नाही. पण जनावराला आपल्या पोटासाठी किती राबवायचे, हा प्रश्न वर्षातून एक दिवस का होईना, आपल्या चुलीपाशी विचारला जातो. शिवाय ही भाजी ठरलेल्या मापाची नसते. ग्वाल्हेरच्या मंडईत पडवळ मिळाले नाही तर तोरी चालते. जे हाती येईल त्यातून जेवण उभे करायचे, हे तिचे खरे शिक्षण.

हेच शिक्षण रोजच्या स्वयंपाकात कसे वापरायचे? पुस्तकातली पाककृती शोधत बसण्यापेक्षा एक प्रश्न विचारावा : या पदार्थात दूध, दही किंवा तूप काय काम करते आहे? ते काम दुसऱ्या कोणाला तरी सांगता येते.

दह्या-ताकाचे काम आंबटपणाचे असेल, तर चिंच, लिंबू, आमचूर आहेच, आणि पुण्या-मुंबईहून कोणी आले तर आमसुले. थंडीत इथे बथुआच्या जुड्या येतात. तोच आपला चाकवत. एरवी आपण तो ताकात करतो. ताक नसेल तर चार चमचे हरभऱ्याची डाळ आणि मूठभर दाणे शिजवून त्यात घोटावे, बेसन लावावे, चिंचेचा कोळ आणि गूळ घालावा आणि वरून लसणाची फोडणी द्यावी. काकडीच्या कोशिंबिरीत दह्याऐवजी लिंबू पिळून दाण्याचे कूट जरा सढळ हाताने घातले की तिची खमंग काकडी होते.

दाटपणा आणि स्निग्धपणा हवा असेल, तर दाण्याचे कूट, वाटलेले खोबरे किंवा भाजलेल्या तिळाचे वाटण घ्यावे. थालीपिठावर लोण्याचा गोळा नसला तरी दाण्याची चटणी आणि तिच्यावर कच्चे तेल असतेच. मऊ भात, मेतकूट आणि तेल ही जोडी तुपाइतकीच जमते. ज्यांना मोहरीच्या तेलाचा उग्रपणा सोसत नाही, त्यांनी ते धूर निघेपर्यंत तापवून, थोडे निववून मग वापरावे. इथल्या शेजारणी हेच करतात.

गोडासाठी नारळाचे दूध आहे. तांदळाची खीर त्यात गुळासह उत्तम होते, फक्त गूळ खीर उतरवल्यावर घालावा. सांजा तेलावर करता येतो. उकडीच्या मोदकाच्या आत खोबरे आणि गूळच असतो. उकडीत आणि वरून तूप घातले नाही, की झाले. आणि आपल्या मुरेन्याची गजक? तीळ आणि गूळ. २०२३ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. काही ठिकाणी तिच्यात तूप किंवा मावा घालतात, तेवढे दुकानात विचारून घ्यावे.

आणि ज्यांना नोकरीवरून आल्यावर अर्ध्या तासात पान वाढायचे असते, त्यांच्यासाठी तर आपल्या घरचे जुने उपाय आहेतच. सकाळच्या पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी, भात उरला तर फोडणीचा भात, वरण उरले तर त्यात कणकेचे तुकडे सोडून वरणफळे. आणि काहीच उरले नसेल तर पिठले. डब्यात बेसन आणि टोपलीत एक कांदा असला की मराठी घरातून कोणी उपाशी जात नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. चव जमली म्हणजे पोषण जमले असे नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींपासून भरवशाने मिळत नाही. दूध पूर्ण सोडणाऱ्याने ते गोळीतून किंवा बी-१२ मिसळलेल्या पदार्थांतून घेतलेच पाहिजे. वाढत्या मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय दूध बंद करू नये. कॅल्शियमसाठी नाचणी चांगली. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच दुधात सुमारे १२०. तिळात ते याहून पुष्कळ जास्त असते, पण सगळेच अंगी लागत नाही. दाण्यात सुमारे पाव भाग प्रथिने असतात. गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले, पण पुढे मोठ्या आजारपणात कस्तुरबांनी सुचवल्यावरून शेळीचे दूध घेतले, आणि त्याची बोच त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली. एवढ्या निग्रही माणसालाही जे जड गेले, ते घरातल्या मुलांवर एकाएकी लादू नये.

तसेच ॲलर्जी आणि न पचणे यांतला फरकही ओळखावा. ज्याला दूध पचत नाही त्याचे पोट बिघडते. ज्याला ॲलर्जी आहे त्याच्या जिवावर बेतू शकते. तिथे "एवढ्याशा तुपाने काय होतंय?" हा आग्रह प्रेमाचा असला तरी धोक्याचा आहे.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "लोणी खाणाऱ्या कृष्णाची आपण पूजा करतो, आणि आता दुधाला नावे ठेवायची का?" आम्ही दुधाला नावे ठेवत नाही. ज्याला दूध मानवते आणि आवडते, त्याने आनंदाने घ्यावे. आमचे म्हणणे ताटावर बसलेल्या दुसऱ्या माणसाविषयी आहे. त्याने का सोडले याची उलटतपासणी न करता त्याला पोटभर वाढणे, हा आपला पाहुणचार आहे.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि गणेशोत्सवाच्या पंगतीत निदान एक भाजी, एक आमटी, एक कोशिंबीर आणि एक गोड पदार्थ दूध-तुपाविना असावा, आणि तो कोणता हे फलकावर लिहावे. खर्च वाढणार नाही. पनीरपेक्षा दाणे स्वस्तच पडतात. त्या पंगतीत आपले एखादे मूल रिकामे ताट घेऊन इतरांकडे बघत बसू नये, एवढेच मागणे आहे.

पालकांना सांगणे असे की, मुलांना, मुलग्यांनासुद्धा, स्वयंपाकघरात येऊ द्यावे. पिठले हाटायला शिकताना 'हाटणे' हा शब्दही येतो. कूट, कोळ, वाटण, फोडणी, कोशिंबीर हे शब्द आपल्या मुलांना शाळेच्या तासाला कमी आणि चुलीपाशी जास्त मिळतात. घरी तयार पाकिटेच फुटू लागली तर पदार्थाबरोबर तो शब्दही जाईल, आणि महाराष्ट्रापासून इतक्या दूर तो परत आणून देणारे कोणी नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, या दिवाळीच्या सुट्टीत आजीकडून, आईकडून किंवा शेजारच्या काकूंकडून असा एक पदार्थ शिकून या, ज्यात दूध नाही, दही नाही, तूप नाही. तो स्वतःच्या हाताने करा, घरच्यांना वाढा, आणि कृती मराठीत लिहून वर्गशिक्षिकांकडे द्या. जमलेल्या कृती पुढील अंकात छापायला आम्हांला आनंद वाटेल.