कमलकुमारीशी भांडत वाचा

हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी आता पोरांच्या हाती देऊ नये, असे लालबागच्या आमच्या वाचणाऱ्या मंडळींत हल्ली ठासून बोलले जाते. त्यांचा आक्षेप खरा आहे. सती जायला निघालेली कमलकुमारी तिथे पूज्य ठरते. अशा ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या परंपरेतला यवन सरदार तर बहुधा लंपटच. साचेखात्यात मदनपुऱ्याच्या मोमीन विणकरांबरोबर राबणारा आमचा गिरणीकामगार पाळी सुटल्यावर पुस्तकात हा असा मुसलमान वाचत होता. गणपतीच्या देखाव्यांनी तेच चित्र आणखी ठळक केले.

यावर ‘काळच तसा होता’ अशी सबब दिली जाते. ती मला मुळीच मान्य नाही. 1890 पासून ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहून विधवेच्या केशवपनाने महाराष्ट्राला अस्वस्थ करणारे हेच हरिभाऊ. म्हणजे बाईवरचा अन्याय त्या काळातही दिसत होता. वर्तमानातली विधवा त्यांना माणूस वाटली, इतिहासातली मात्र कुळाची अब्रू झाली. हा दोष काळाचा नव्हे, इतिहासाकडे बघण्याच्या दृष्टीचा आहे, आणि ती दृष्टी अजून जुनी झालेली नाही.

तरीही पुस्तक बंद करा, हे मी मानणार नाही. कोंडाण्याचा कडा, काळोख, वर चढणारे मावळे, तानाजीने मागे ठेवलेले लेकाचे, रायबाचे लग्न! साप्ताहिकाच्या वाचकाला पुढच्या अंकापर्यंत तळमळत ठेवणारी ही लेखणी आहे. तो थरार खोटा नाही आणि त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

याच थराराचे दुसरे काय करता येते, ते पाहायला अण्णाभाऊ साठ्यांकडे बघा. स्वतः गिरणीत राबलेल्या, लाल बावट्याच्या कलापथकातून गिरणगाव पेटवणाऱ्या या माणसाने 1959 मध्ये ‘फकिरा’ ही कादंबरी दिली. घोडा, रात्र, लूट, दिलेला शब्द, बलिदान हा रम्याद्भुताचा सगळा साज तिच्यात आहे. नायक मात्र मांग, इंग्रजांच्या कायद्याने ज्याची जातच गुन्हेगार ठरवली तो. साजच टाकाऊ मानला असता, तर फकिरा असा घोड्यावर बसला असता का?

ही दोन्ही पुस्तके आमच्या वाचनालयाने एकाच फळीवर ठेवावीत. मुलामुलींना ती रात्र जागून वाचू द्यावीत आणि मग कमलकुमारीविषयी बोलते करावे. कोंडाण्याचा किल्लेदार उदयभानू तिला नको होता, हे उघड आहे. पण चिता तिला हवी होती, हे कोणी ठरवले?