मूळ गाव कोणतं?

कलावंताच्या मुलाखतीत गावाचा प्रश्न सगळ्यांत आधी येतो आणि सगळ्यांत कमी वेळ त्यालाच मिळतो. ‘मूळचे कुठले?’ ‘निफाडकडचे.’ ‘वा! मग लेखनाकडे कसे वळलात?’ एवढ्यात गाव संपतं. उरलेला पाऊण तास पुरस्कार, प्रेरणास्थानं, आवडते लेखक आणि नव्या पिढीला संदेश यांत जातो. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. त्या आठवड्यात वणी, दिंडोरी, पिंपळगाव, लासलगाव इथल्या शाळा-कॉलेजांत पाहुणे बोलावले जातात, प्रकट मुलाखती होतात, शाल-श्रीफळ होतं. श्रोता घरी जातो तो पाहुण्याला मिळालेल्या पुरस्कारांची नावं घेऊन. हा माणूस कुठल्या पाण्यावर वाढला, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी ते खटकतं, कारण त्या दिवसाचं निमित्त असलेल्या कवीची गोष्ट गाव वगळून सांगताच येत नाही.

कुसुमाग्रजांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ चा, पुण्यातला. पाळण्यातलं नाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांना दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. घराणं शिरवाडे वणीचं. हे गाव निफाड तालुक्यात, आग्रा रोडलगत. सप्तशृंगीच्या पायथ्याची वणी वेगळी, ती दिंडोरी तालुक्यात. बालपण गेलं पिंपळगाव बसवंतला, पुढचं शिक्षण नाशिकला. म्हणजे जन्म एका गावी, आडनाव दुसऱ्या गावाचं, बालपण तिसऱ्या गावी आणि तारुण्य चौथ्या गावात. ‘मूळ गाव?’ या प्रश्नाचं रीतसर उत्तर ‘शिरवाडे’ असंच आलं असतं आणि ज्या पिंपळगावात त्यांनी पाटी हातात धरली त्याचं नावही निघालं नसतं. पहिल्या उत्तरावर थांबणाऱ्या मुलाखतीत असं बरंच काही सुटतं. आडनावाच्या गावाखाली आणखी दोन-तीन गावं असतात; तिथपर्यंत जायला दुसरा, तिसरा प्रश्न विचारावा लागतो.

‘प्रेरणा कोणाची?’ हा प्रश्न मात्र न चुकता विचारला जातो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एका नावात किंवा एका प्रसंगात मिळतं. दादासाहेब फाळके यांचं उदाहरण सर्वांना पाठ आहे. मुंबईच्या एका थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि चित्रपट काढायचं ठरवलं. ही झाली प्रेरणा. पण फाळक्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणीत एक गोष्ट आणखी आहे. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढून राम आणि कृष्ण सरकत होते. ते राम-कृष्ण थिएटरात आले कुठून? फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. गाव तीर्थाचं, घर शास्त्र्याचं, पुराणं उठता-बसता कानावर पडणारी. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, ‘लंकादहन’ १९१७ चा, ‘कालियामर्दन’ १९१९ चा. विषय सगळे त्या घरातले. यंत्र विलायतेतून आलं, गोष्ट त्र्यंबकहून आली. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म्स कंपनीचं काम त्यांनी नाशिकला थाटलं आणि १९४४ मध्ये देहही नाशिकलाच ठेवला. प्रेरणेचं उत्तर मुंबईच्या एका संध्याकाळपाशी थांबतं. गावाचा प्रश्न धरून चाललं तर ते चाळीस वर्षं मागे त्र्यंबकेश्वरच्या वाड्यात पोचतं.

गाव विचारताना एक धोका संभवतो. विचारणाऱ्याच्या मनात गाव म्हणजे पार, विहीर, आजीचा हात आणि सुगीचा वास असतो. उत्तर देणाऱ्याच्या गावात त्याच विहिरीवर त्याला मज्जाव असू शकतो. नाशिक जिल्ह्यात हे विसरून चालणारच नाही. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षं नेटाने चालवणारे दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. कॉलेजात शिकणारे तरुण शिरवाडकर १९३२ मध्ये या सत्याग्रहात सामील झाले. सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षी, जुलै महिन्यात, नाशिकजवळच्या विहितगावात बाबूराव बागूल जन्माला आले.

बागुलांना ‘गाव कोणतं’ हा प्रश्न मुलाखतकाराने विचारण्याआधी कित्येकांनी विचारला होता आणि त्या विचारण्याचा हेतू निराळा होता. सुरतेला रेल्वेत नोकरीला असताना भाड्याची खोली मिळवण्यासाठी त्यांना जात लपवावी लागली. गाव विचारायचं, आडनाव विचारायचं आणि त्यावरून जात काढायची, ही घरमालकांची जुनी रीत. त्या अनुभवाच्या मुळाशी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा आहे. त्याच नावाचा संग्रह १९६३ मध्ये आला आणि मराठी कथेची भाषाच बदलली. बागुलांचं लेखक म्हणून घडण्याचं गाव शोधायचं तर विहितगावावर थांबता येत नाही. लहानपणीच ते मुंबईला मावशीकडे आले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात. तिथली माणसं, तिथल्या शिव्या, तिथली संघटना आणि तिथलं वाचन यांतून १९६९ चा ‘मरण स्वस्त होत आहे’ उभा राहिला. चाळ, झोपडपट्टी, कामगारांची वस्ती हीसुद्धा गावंच असतात. पुढे बागूल नाशिकला परतले आणि २००८ मध्ये तिथेच वारले. आदल्याच वर्षी त्यांना जनस्थान पुरस्कार मिळाला होता. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा हा पुरस्कार नाशिकचं पुराणातलं नाव धारण करतो, आणि त्या नावाच्या गावाने बागुलांच्या जन्माच्या वर्षी त्यांच्या माणसांना देवळाबाहेर ठेवलं होतं. मुलाखतीत गाव नीट विचारलं तर हा सगळा काळ बोलू लागतो. म्हणूनच तो प्रश्न हळव्या सुरात विचारू नये, पूर्ण विचारावा.

वामनदादा कर्डक यांचंही तसंच. जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. शाळा नशिबी आली नाही. पडेल ती मजुरी करत मुंबईत राहिले आणि अक्षरओळख झाली ती तिथेच, मोठेपणी. आयुष्यभर आंबेडकरी गाणी लिहीत, गात गावोगाव हिंडले. ‘तुमची पहिली शाळा कोणती?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे दाखल्यावरचं उत्तर नव्हतं. ‘पहिलं गाणं कुठे ऐकलं? कोण म्हणायचं? वाद्य कोणतं होतं?’ या प्रश्नांना उत्तरं होती, आणि सिन्नरच्या मातीत ती नवी नव्हती. पेशवाईतले शाहीर परशराम याच तालुक्याचे.

साऱ्या जगात कसदार मुलाखतींचा हाच अनुभव आहे. ऑस्ट्रेलियाचे कवी लेस मरे न्यू साउथ वेल्समधल्या बन्या नावाच्या छोट्या वस्तीत, दुधाच्या धंद्यातल्या गरीब शेतकऱ्याच्या घरी वाढले. कीर्ती मिळाल्यावर सिडनी सोडून पुन्हा बन्याला राहायला गेले आणि २०१९ मध्ये वारले तोवर तिथलेच राहिले. त्यांच्याशी बोलणं म्हणजे गायी, कुरणं आणि गरिबी यांविषयी बोलणं. डेव्हिड मालूफ ब्रिस्बेनचे. ते ज्या घरात वाढले त्याचा पत्ताच त्यांनी १९८५ च्या आठवणींच्या पुस्तकाला नाव म्हणून दिला. गाव तर सोडाच, घराच्या खोल्यांनीही लेखक घडतो, असं मानणारी ही माणसं. निफाड-चांदवडचा मुलूख या बाबतीत मागे नाही. ‘भुईशास्त्र’ या संग्रहासाठी २०११ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळवणारे ऐश्वर्य पाटेकर चांदवड तालुक्यातले, ‘टिंग्या’ चित्रपटाची गाणी लिहिणारे प्रकाश होळकर लासलगावचे. कांद्याचा लिलाव आणि द्राक्षाची छाटणी ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे, अशा माणसांना ‘निसर्गाची ओढ कशी लागली?’ असं विचारणं हा वेळेचा अपव्यय आहे. दुष्काळी साली घरात काय शिजलं, बैल कधी विकला, पुस्तक घरात प्रथम कोणी आणलं, हे विचारावं.

आणि ज्यांना काहीच विचारलं जात नाही, त्यांचं काय? वणीच्या पश्चिमेला डोंगर चढत गेलं की पेठ-सुरगाण्याचा आदिवासी मुलूख लागतो. होळीनंतर अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला या पट्ट्यात, दिंडोरीच्या डोंगराळ गावांत, त्र्यंबक, जव्हार, मोखाड्याकडे बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, रंगतो. कुठे त्याला भोवाडा म्हणतात, कुठे आखाडी. तो काही रात्री चालतो. आधी गणपती येतो, शारदा येते, मग रामायण-महाभारतातली सोंगं एकामागून एक निघतात आणि शेवटी पहाटेच्या सुमाराला देवी आणि महिषासुराचं युद्ध होतं. सप्तशृंगीच्या टापूत त्या युद्धाला केवळ नाटक म्हणून कोणी पाहत नाही. सोंग समोर आलं की बाया पुढे होऊन ओवाळतात, नमस्कार करतात.

मुखवटा जवळून पाहण्यासारखा असतो. हलक्या लाकडाचा कोरलेला किंवा कागदाच्या लगद्याचा, रंग ठसठशीत, डोळे मोठे आणि उघडे. घालणाऱ्याचं डोकं आधी फडक्याने घट्ट गुंडाळतात, मग त्यावर मुखवटा बांधतात. आतून फारसं दिसत नाही. रावणासारखं रुंद सोंग असेल तर दोन्ही हातांनी ते सावरतच नाचावं लागतं. संबळ आणि सनईच्या ठेक्यावर पुढे चार पावलं, मागे चार पावलं, मध्येच गिरकी. पूर्वी हे टेंभ्यांच्या उजेडात चालायचं, आता वीज आली आहे. कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं हे अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्याला मान म्हणतात. एखाद्या घरचा तरुण द्राक्षबागेत मजुरीला वणी-पिंपळगावकडे उतरलेला असला तरी त्या रात्री तो सोंगासाठी पाड्यावर परततो.

हा मुखवटा घडवणारा माणूस शिल्पकार आहे, नाचणारा नट आहे, क्रम सांगणारा दिग्दर्शक आहे. यांपैकी कोणाचीही प्रकट मुलाखत होत नाही. संग्रहालयात मुखवटा गेला तरी पाटीवर जमातीचं आणि जिल्ह्याचं नाव येतं, हातांचं येत नाही. वारली चित्रांच्या बाबतीत ही कोंडी एका माणसामुळे फुटली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे १९७० च्या दशकात स्वतःच्या नावाने ओळखले जाऊ लागले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. बोहाड्याला असा म्हसे मिळालेला नाही. खरं तर मुखवटे करणारे होते आणि आहेत, विचारणारा मिळालेला नाही.

इथे ऑस्ट्रेलियाचंच एक उदाहरण उपयोगी आहे. देशाच्या मध्यभागी, वाळवंटातल्या पापुन्या या वस्तीत १९७१ मध्ये जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तिथल्या आदिवासी पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मोठं चित्र काढलं. तिथून चित्रकारांची चळवळ उभी राहिली आणि १९७२ मध्ये ‘पापुन्या तुला’ ही चित्रकारांच्याच मालकीची संस्था निघाली. तिथल्या चित्रांबरोबर एक नोंद ठेवण्याची पद्धत पडली: काढणाऱ्याचं नाव, चित्रातली जागा आणि त्या जागेशी जोडलेली पूर्वजांची कथा. जागेचं नाव चित्राच्या अर्थाचाच भाग असल्यामुळे ते टाळता येत नाही. जे सांगायचं नाही ते चित्रकार सांगत नाहीत आणि त्याचा मान राखला जातो.

बोहाड्याच्या मुखवट्याबरोबर अशी नोंद असावी. करणाऱ्याचं नाव, त्याचा पाडा, लाकूड कोणत्या झाडाचं, हात कोणाकडून शिकला, हे सोंग कोणत्या घरचं, ते कितव्या रात्री निघतं, त्यावेळी संबळाचा ठेका कोणता असतो, आणि जे बाहेर सांगायचं नाही त्यासाठी रिकामी सोडलेली ओळ. हे काम मोठ्या निधीचं नाही. वणी, दिंडोरी, पेठ, सुरगाणा इथल्या कॉलेजांत पाड्यांवरची मुलं शिकतात, आणि त्यांतल्या काहींच्या घरी सोंगाचा मान आहे. मराठीच्या वर्गाने त्यांच्या हाती वही द्यावी, मोबाइलवर आवाज मुद्रित करून घ्यावा आणि लिहिलेलं पुन्हा त्या घरी वाचून दाखवावं. गौरव दिनाची सभा फेब्रुवारीअखेर होते, होळी त्यानंतर लवकरच येते. पाहुणा ठरवण्याच्या बैठकीतच या वह्या वाटता येतील.