सब्र कर म्हणणं सोपं असतं

माझी भाची डॉक्टर आहे. भूमपासून दूर एका सरकारी दवाखान्यात नोकरी करते. गेल्या रमजानमध्ये घरी आली तेव्हा इफ्तारनंतर म्हणाली, "मामू, मी एका म्हातारीवर ओरडले. गोळी कधी घ्यायची, एवढंच तिने दुसऱ्यांदा विचारलं होतं." सलग रात्रपाळ्या, दारात आवाज चढवणारे नातेवाईक, हे तिने नंतर सांगितलं.

घरातल्या मोठ्यांनी समजावलं, सब्र कर, सवाब मिळेल. मीही मान डोलावली. आता वाटतं, चुकलंच. थकलेल्या माणसाला नुसता सब्र शिकवला की आपण मोकळे होतो, त्याचं ओझं तसंच राहतं. म्हातारीचा यात काहीच दोष नव्हता. तिला नीट उत्तर मिळणं हा तिचा हक्कच होता. पण तो हक्क एकट्या डॉक्टरच्या सहनशक्तीवर किती दिवस टिकणार?

आमच्या शेजारच्या जामखेडला याचं एक उत्तर सापडलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मुलुख दुष्काळी, रुग्ण अमाप. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बऱ्याच जणी निरक्षर, अनेक दलित. बाळंतपण, जुलाब, मुलांचं कुपोषण त्या गावातच सांभाळू लागल्या. दर आठवड्याला जामखेडला जमून त्या शिकत, अडचणी एकमेकींना सांगत. 1979मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र त्या आठवड्याच्या बैठकीचं मोल जास्त वाटतं. तिथे काम वाटलं जात होतं आणि मनातलं बोलायलाही जागा होती.

डॉक्टरांवर हात उचलणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा महाराष्ट्रात 2010पासून आहे. तो हवाच. पण कायद्याने रिकामी खुर्ची भरत नाही. रुग्ण कल्याण समितीत आपली माणसं असतात. मंजूर पदं किती, भरलेली किती, रात्रपाळीनंतर सुट्टी मिळते का, हे त्यांनी विचारावं. आपणही एका रुग्णामागे वीस जणांनी दवाखान्यात शिरू नये.

भाची ईदनंतर कामावर परतली. ती म्हातारी पुन्हा तपासणीला आली, तेव्हा तिची माफी मागितली, असं फोनवर म्हणाली. रात्रपाळ्या मात्र अजून तेवढ्याच आहेत.