अपत्यहीनता व पुरुषांचा धंदा

लग्नास चार वर्षें लोटून घरांत पाळणा हलला नाहीं, कीं आमच्या समाजांत सुनेच्या नांवानें नवससायास व अंगारेधुपारे सुरू होतात. तेवढ्यानें न भागल्यास घटस्फोटाची कुजबुज. मुलाचीही प्रकृति तपासावी असें सुचविणारा मात्र घराण्याचा वैरी ठरतो! वस्तुतः अपत्यहीन जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटें अथवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीस, असतें.

हें कारण कित्येकदां पुरुषाच्या धंद्यांतच दडलेलें असतें. 1977 सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील लॅथ्रप येथें कीटकनाशकांच्या एका कारखान्यांतील कामगारांच्याच ध्यानांत आलें कीं, आपल्यापैकीं फारच थोड्यांस अलीकडे मुलें झालीं आहेत. तपासणी होतांच या एरव्हीं धडधाकट माणसांपैकीं अनेकांच्या वीर्यांत शुक्रजंतु अत्यल्प, कित्येकांच्या तर मुळींच नाहींत, असें आढळलें. पिकांच्या मुळांस लागणारे सूत्रकृमि मारणारें डायब्रोमोक्लोरोप्रोपेन हें द्रव्य ते हाताळीत. या द्रव्यानें जनावरांचे वृषण खुरटतात, हें 1961 सालींच प्रयोगांनीं ठरून प्रसिद्धही झालें होतें. सोळा वर्षें ज्ञान कागदावर राहिलें आणि विष कामगारांच्या अंगांत गेलें. काम सुटल्यावर कांहींजण सुधारले, सर्व नव्हेत.

उष्णतेची गोष्ट याहून साधी. वृषण शरीराबाहेर असतात ते अंगापेक्षां दोन ते चार अंश थंड राहावे म्हणूनच. भट्टीपुढें किंवा ओतशाळेंत दिवस काढणाऱ्यानें हें जाणलें पाहिजे. शिशाचें काम करणाऱ्यानेंही सावध असावें. पेढीवरील मंडळींनीं मात्र हंसूं नये. तंबाखू, मद्य, मधुमेह व बैठ्या धंद्यानें सुटलेलें पोट यांचा परिणाम गादीवरही पोंचतो.

शुक्रजंतु तयार होण्यास सुमारें अडीच महिने लागतात. म्हणून कारण दूर केलें तरी गुण दिसण्यास तितका काळ जाणारच. आठवड्यांत फळ देणाऱ्या जाहिरातबाज पुड्यांवर पैसा उधळणें व्यर्थ.

आमच्या वाचकांत कारखानदार आहेत. त्यांनीं भट्टीवर पाळीपाळीनें विसावा द्यावा, हवा खेळती ठेवावी, व कोणतें द्रव्य काय अपाय करतें हें कामगारांस कळेल अशा मराठींत लावावें. वडीलधाऱ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, वीर्यतपासणी सोपी, वेदनारहित व स्त्रीच्या तपासण्यांच्या मानानें स्वस्त आहे. ती सुनेस शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजविण्यापूर्वीं व्हावी.